जुन्या आवृत्तीची माणसं

नव्वदच्या दशकात डोंबिवलीत कॉम्प्युटरचा क्लास लावला की डॉस, वर्डस्टार आणि फॉक्सप्रो ओघानं यायचंच. मीही तेच शिकले आणि पहिली कमाई त्यावरच केली. एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्याचं पगारपत्रक होतं ते: हजेरी, ओव्हरटाइम, पीएफची कपात. मायक्रोसॉफ्टनं १९९२ साली फॉक्सप्रो विकत घेतलं, २००७ मध्ये पुढची आवृत्ती निघणार नाही असं सांगितलं आणि जानेवारी २०१५ मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रोवरचा हात पुरता काढून घेतला. कारखान्याचा पगार मात्र दर महिन्याला व्हायचाच होता. ६४ बिटचं विंडोज डॉसचे प्रोग्रॅम चालवत नाही, म्हणून तिथे ३२ बिटचं एक मशीन जपून ठेवलेलं होतं. त्यात मला कधी मागासलेपण दिसलं नाही. चाळीसेक घरांची चूल त्यावर अवलंबून होती.

पुढे ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये नोकरी लागली आणि हातात पायथन आलं. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आलं, तेव्हा भाषा घडवणाऱ्यांनी जुन्याशी नातं जाणूनबुजून तोडलं होतं. प्रिंटला कंस लागायला लागले. ते सोपं, कारण कंस विसरलात तर प्रोग्रॅम लगेच अडतो. भीती भागाकाराची. पाचाला दोनानं भागलं की जुनं पायथन २ सांगायचं, नवं २.५ सांगतं, आणि दोन्हीकडे एरर म्हणून येत नाही. व्याजाच्या हिशेबात हा फरक मुकाट्यानं शिरतो.

आमचा प्रोग्रॅम पतसंस्थांसाठी होता, त्यामुळे मराठी नावांचा प्रश्न त्याहून खोल. जुन्या पायथनमध्ये साधी स्ट्रिंग म्हणजे नुसते बाइट. ‘ठाणे’ची लांबी विचारली तर उत्तर बारा, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. नव्या पायथनमध्ये तीच लांबी चार. पासबुकात नावाचा रकाना वीसचा. विसाव्या बाइटवर कापलं की सहा चिन्हं शाबूत आणि सातवं मधोमध तुटलेलं. आडनावाच्या जागी छापून आलेली चौकट बघून खातेदार काउंटरवर पासबुक परत सरकवायचे. रागावणं बरोबरच होतं त्यांचं. नाव हीच तर त्या पासबुकातली त्यांची पहिली ओळख.

उपाय होता अवतरणाआधी ‘यू’ लावायचा. पण पायथन ३ नं तो ‘यू’च चुकीचा ठरवला होता. २०१२ साली, ३.३ मध्ये, तो परत घेतला गेला, तोही केवळ दोन्हीकडे एकच कोड चालावा म्हणून. भाषेच्या कर्त्यांनी शुद्धतेचा हट्ट सोडून जुनं वापरणाऱ्यांकडे पाहिलं, याबद्दल मला आजही त्यांचा आदर वाटतो.

कल्याणच्या एका पतसंस्थेत मशीन एक्सपीवर होतं. का, तर पासबुक छापणाऱ्या प्रिंटरचा ड्रायव्हर त्यापुढच्या विंडोजला मिळत नव्हता आणि नवा प्रिंटर घ्यायचा तर संचालक मंडळाची मंजुरी हवी. एक्सपीवर पायथन ३.४ च्या पुढे जाता येत नाही. छपाईचा भाग तर २.७ वरच बांधलेला. ऑफिसातली तरुण मुलं म्हणायची, ‘मॅडम, त्यांना अपग्रेड करायला सांगा ना.’ मी त्यांना आपल्याच रुळांकडे बघायला सांगायचे. मध्य रेल्वे १५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसीवर गेली ती टप्प्याटप्प्यानं. मुख्य मार्गाचं काम जून २०१५ मध्ये पुरं झालं. तोवर दोन्ही विजांवर चालणाऱ्या लोकल धावत होत्या, कल्याण शेडची डब्ल्यूकॅम इंजिनंही. डोंबिवलीला ८.१४ च्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला वरच्या तारेत कोणती वीज आहे हे ठाऊक असायची गरजच पडली नाही. दोन आवृत्त्यांवर चालणारा कोड लिहिणं म्हणजे हेच.

याची किंमत असते. प्रत्येक बदल दोनदा तपासायचा, नव्या सोयी हाताशी असून वापरायच्या नाहीत, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झाल्यावर जुनं मशीन इंटरनेटपासून लांब ठेवायचं. म्हणून कायम जुनं सांभाळत बसा असं मी म्हणत नाही. पायथन २ ची मुदत आधी २०१५ ची होती, ती २०२० पर्यंत वाढवली आणि मग १ जानेवारीला खरोखर संपवली. मला हे वागणं पटतं: वेळ भरपूर द्यायचा, पण तारीख पक्की सांगायची.

त्या पतसंस्थेत शेवटी नवा प्रिंटर आला, नवं मशीन आलं. जुन्या आणि नव्या मशीनवर एकाच तिमाहीचं व्याज काढून पैसा न् पैसा जुळवला, मगच जुनं बंद केलं. आज हे काम करणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगणं आहे: जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेली ओळ पुसण्याआधी ती कुठल्या काउंटरवर चालते ते शोधा, तिथल्या माणसाला तारीख सांगा आणि त्याचा हिशेब जुळवून द्या.