पोच

मोशीत राहणाऱ्या माणसाला वाट पाहायला शिकवावे लागत नाही. पुणे-नाशिक रस्ता आमच्या दारावरून जातो असे म्हणण्याची पद्धत आहे. पण संध्याकाळी पाचनंतर तो जात नाही, नुसता उभा राहतो. चाकणच्या कारखान्यांकडे माल नेणारे ट्रक, कामगारांच्या बसगाड्या, नव्याकोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रेलर आणि त्यांच्या फटीफटींतून अंग चोरून पुढे सरकणाऱ्या दुचाक्या. १९९७ साली आमचे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. पुढे शेतांच्या जागी इमारती आल्या, आणि सहाव्या मजल्यावरच्या सज्जात बसून हा देखावा पाहणे ही आमच्यासारख्या निवृत्तांची करमणूक झाली. असे असूनही २०२५ च्या दिवाळीत वाट पाहण्याचा एक अगदी नवा प्रकार माझ्या वाट्याला आला.

झाले असे, की ऑगस्टात न्यू जर्सीहून मुलीचा फोन आला. "बाबा, या दिवाळीला आईची वही मला पाठवा."

वही म्हणजे साधी शंभर पानी वही. पुठ्ठ्याला खाकी कागद, पहिल्या पानावर 'श्री', आणि आत बेसनाचे लाडू, चकलीची भाजणी, अनारसे, चिरोटे. मध्येच कुठे दुधाचा हिशोब, गॅसचे सिलिंडर लावल्याची तारीख, कुणाच्या तरी मुंजीत केलेला आहेर. अनारशांच्या पानावर तुपाचा डाग आहे, तो पलीकडच्या पानापर्यंत उतरला आहे. ही जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. मी मुलीला म्हटले, "सगळ्या पानांचे फोटो काढून आत्ता पाठवतो." ती म्हणाली, "फोटो आहेत हो माझ्याकडे. मला वही हवी आहे." यावर वाद घालण्यासारखे काही नव्हते.

टपालाने पाठवावी म्हणून चौकशी केली, तर अमेरिकेचे टपालच बंद! आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला तिकडे जकात माफ होती, ती सवलत अमेरिकन सरकारने २९ ऑगस्टपासून काढून घेतली. नवी जकात कुणी, कुठे आणि कशी वसूल करायची हे विमान कंपन्यांना कळेना, म्हणून त्या टपालाच्या थैल्याच घेईनात. आपल्या टपालखात्याने २५ ऑगस्टपासून बहुतेक जिनसा आणि महिनाअखेरीस सारेच अमेरिकी टपाल थांबवले. गणपती आले, गेले. नवरात्र बसले, उठले. ज्या घरांतली मुले तिकडे आहेत त्या घरांत एरवी या सुमारास फराळाच्या डब्यांची बांधाबांध सुरू होते. आमच्या इमारतीत अशी पाच-सहा घरे तरी असतील. त्या वर्षी जिन्यात भेटले की एकच प्रश्न, "उघडले का हो?" दसऱ्यापर्यंत वाट पाहिली आणि दोन दिवसांनी मी एका खासगी कुरिअरची पायरी चढलो. तिचे नाव सांगत नाही. सणासुदीला कुणाचे वाईट कशाला चिंतावे?

तिथल्या मुलाने वही वजनकाट्यावर ठेवली आणि यंत्रावर बोटे चालवीत विचारले, "काका, व्हॅल्यू काय टाकू?"

मी म्हटले, "कशाची?"

"आतल्या मालाची. वहीच आहे ना? मग नील टाकतो. कस्टमला बरे पडते."

आणि त्याने टाकलेही. शून्य डॉलर. मुलगा मोठा भला होता, त्याने वहीला दोन वेळा प्लॅस्टिक गुंडाळले. रागवावे तरी कुणावर? दुसरा आकडा सुचव म्हणाला असता तर मी तरी काय सुचवणार होतो? आमच्या मोशीत नागेश्वर महाराजांच्या उत्सवात ओटीतल्या वस्तूंचा लिलाव होतो. बाजारात दोन-चार रुपयांना मिळणाऱ्या जिनसेवर तिथे मोठमोठ्या बोली लागतात, आणि घेणाऱ्याला आपण फसलो असे कधी वाटत नाही. पण ती बोली गावाच्या समोर होते. कुरिअरच्या रकान्यात तशी सोय नाही.

सरकारने तर या बाबतीत पूर्वीपासूनच हात झटकून ठेवलेले आहेत. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात सहावे कलम होते. टपाल हरवले, चुकीच्या हाती पडले, उशिरा पोचले किंवा मोडले, तरी काही अपवाद सोडता सरकार त्याला जबाबदार नाही, असे ते कलम सांगे. हा कायदा सव्वाशे वर्षे टिकला. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा १८ जून २०२४ ला अमलात आला. त्यानेही हे कवच काढलेले नाही. सोन्यानाण्याला विमा सक्तीचा, पाकिटाला लाखेची मोहर, किंमत अंकी आणि अक्षरी लिहायची, अशी सगळी शिस्त. विमा नसेल तर? १ ऑगस्ट १९८६ ला स्पीडपोस्ट सुरू झाले. त्याचा नियम असा, की जिन्नस हरवला तर हाशिलाच्या दुप्पट रक्कम किंवा एक हजार रुपये, यांतले जे कमी असेल ते मिळेल. 'जे कमी असेल ते' या चार शब्दांत केवढे व्यवहारज्ञान भरलेले आहे!

मुलाने हातात पावती दिली. तिच्यावर बारा आकडी क्रमांक होता. "हा टाकला की घरबसल्या सगळे दिसते," तो म्हणाला.

खरोखरच दिसले. पहिल्या रात्री दिसले, की वही मोशीहून निघून चाकणच्या गोदामाकडे गेली. अमेरिकेला जायला निघालेला जिन्नस आधी उत्तरेला चाकणला का जातो, हे विचारायचे नसते. मी सज्जात येऊन उभा राहिलो. खाली ट्रकांच्या रांगेतले तांबडे दिवे लांबवर पसरले होते. मोबाइल म्हणत होता, 'वाहतुकीत आहे', आणि वाहतूक माझ्या डोळ्यांसमोर उभी होती. यांतल्याच एखाद्या गाडीत ती असेल, या विचाराने मी अर्धा तास तिथेच थांबलो. हसू आले, पण आत गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी वही मुंबईला पोचली आणि तिथे एका ओळीवर अडकली: 'पुढील प्रवासासाठी सज्ज.' ही ओळ दोन आठवडे हलली नाही. सकाळी चहाआधी पाहावे, सज्ज. दुपारी पाहावे, सज्ज. झोप लागेना म्हणून रात्री दोनला पाहावे, तरी आपली सज्जच. चौकशीच्या फोनवर एक गोड आवाज माझा फोन आपल्यासाठी किती महत्त्वाचा आहे ते सांगे आणि नंतर गाणे लावून देई. शेवटी एकदा एक जिवंत माणूस सापडला. मोठ्या आशेने मी विचारले, "वही आहे कुठे?" त्याने मला तीच ओळ वाचून दाखवली.

जुन्या माणसांना धीर फार, असे आपण म्हणतो. मला तसे वाटत नाही. त्यांच्याजवळ डोकावायला खिडकी नव्हती, इतकेच. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सारे संपले, तेव्हा नानासाहेब पेशवे माळव्यात भेलशाला होते आणि त्यांना उत्तरेची खबर मिळत नव्हती. दहाएक दिवसांनी एका सावकाराचा जासूद दक्षिणेकडे जाताना सापडला. पेशव्यांनी त्याच्याजवळचे दुसऱ्याच्या नावचे पत्र फोडून वाचले, असे सांगतात. मोती, मोहोरा आणि खुर्दा यांचा तो सावकारी भाषेतला जमाखर्च कशाचा आहे, ते त्यांना तत्काळ उमगले. सगळ्या मराठी राज्याच्या धन्याला जिथे धीर धरवला नाही, तिथे मोशीच्या निवृत्त फोरमनने रात्री दोनला मोबाइल पाहिला तर काय मोठेसे?

पण जुन्या काळी एक गोष्ट होती, ती मात्र मला आज सापडत नाही. वडील आत्याला दर दिवाळीत भाऊबीजेची मनीऑर्डर करीत. पैसे पोचले की आत्याच्या सहीची पोच परत येई. वडील ती चष्मा लावून वाचत. वाचायचे काय, तर आत्याचे नाव! एका वर्षी ती पोच त्यांनी बराच वेळ हातात धरली आणि आईला म्हणाले, "अक्काचा हात थरथरतोय. जाऊन आले पाहिजे." आणि रात्रीच्या गाडीने गेले. आता सगळ्या मुक्कामांची वेळ मिनिटासकट कळते, पण हात कुणाचा ते कळत नाही. पोच नसलेला माणूस असे आपण ज्याला म्हणतो, तशी या यंत्राची अवस्था आहे. रजिस्टर टपाल ही वेगळी सेवासुद्धा २०२५ मध्येच स्पीडपोस्टात मिळवून टाकली. तक्रार नाही, मनीऑर्डरीला आठ-आठ दिवस लागत, आणि आता मुलगी पाठवते ते पैसे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच येतात.

पत्त्याच्या बाबतीतही माझी तक्रार नव्हती. पिन कोडाची योजना १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखली. हे गृहस्थ संस्कृत कवी होते. एकाच नावाची गावे ढीगभर आणि पत्ते लिहिण्याच्या लिप्या अनेक. तेव्हा पहिल्या आकड्याने विभाग, पहिल्या तिहींनी वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटच्या तिहींनी वाटपाचे टपालघर, असे सहा आकड्यांत साऱ्या देशाला त्यांनी बसवले. वृत्तात अक्षरे मोजण्याची सवय इथे कामी आली असावी, असा आपला माझा तर्क.

अकराव्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, अमेरिकेचे टपाल पुन्हा सुरू झाल्याची बातमी आली. फराळवाल्या घरांत एकच धांदल उडाली. माझी वही मुंबईत सज्जच. शेजारच्या तरुणाने जिन्यात गाठून माझे सांत्वन केले. देहूहून आळंदीकडे वाहणारी इंद्रायणी आमच्या मोशीच्या शिवेवरून जाते, हे त्याच्या डोक्यात असावे. "काका, तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी वर आल्या. तुमचा तर आज अकरावाच!"

तेरावा दिवस वसुबारसेचा होता. मी पहाटेच मोबाइल उघडला. काही घडले नव्हते.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री ओळ एकाएकी हलली. नंतर ती वही कुठल्या कुठल्या शहरांतून गेली ते मी नकाशावर पाहिले आणि विसरलोही. भाऊबीज झाल्यावर चार दिवसांनी मुलीचा फोन आला. पडद्यावर तिने वही उघडून धरली होती. प्लॅस्टिक शाबूत होते. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग वही नाकाजवळ नेऊन म्हणाली, "बाबा, भाजणीचा वास येतो अजून." मला काही तो वास कधी आला नव्हता.

तिने दिवाळी सरल्यावर चकल्या केल्या. पहिला घाणा तेलात विरघळला. पुन्हा फोन. "आईने सगळीकडे एक वाटी, दोन वाट्या लिहिलंय. कुठली वाटी?"

मी स्वयंपाकघरात गेलो. फळीवर, डाळीच्या डब्यात, ती होती. पितळेची, काठाला एक पोचा आलेली, तळाशी हिच्या आईचे नाव टाक्याने घातलेले. मी मापून सांगतो म्हणालो, मुलगी नको म्हणाली. वाटी घेऊन खाली वाण्याकडे गेलो आणि त्याच्या काट्यावर ठेवली. एकशे दहा ग्रॅम भरली.