मेघमंडळातील परीक्षा

पस्तीस वर्षे आम्ही मुलांना भूगोल शिकविला. तापलेली दमट हवा वर चढते, निवते आणि तिच्यातील बाष्पाचे मेघ होतात, हे फळ्यावर खडूने काढून दाखविताना आम्हांस कधी अडखळावे लागले नाही. त्या मेघाच्या उदरात स्वतः बसण्याचा योग मात्र साठी उलटल्यावर आला.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही उभयता मॉरिशस बेट पाहावयास गेलो होतो. तेथून पूर्वेस सुमारे ५६० किलोमीटरांवर त्याच राष्ट्राचे रॉड्रिग्ज नावाचे चिमुकले बेट आहे. विमानाने दीड तासाची वाट. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिकडील वादळांचा काळ. सकाळचे आभाळ पाहून सौ. म्हणाली, "आज राहू द्यावं. उद्या गेलं तर नाही का चालायचं?" त्यावर आम्ही तिला व्याख्यानच दिले. विमानाचे पंख मुद्दामच लवचिक केलेले असतात, हेलकाव्यांनी ते मोडत नाहीत, पट्टा बांधून बसले की झाले! व्याख्यान बिनचूक होते.

निम्मी वाट सरली आणि ते पंख्यांचे लहानसे विमान ढगांत शिरले. खिडकीबाहेर राखाडी अंधार पसरला. एकाएकी कोणी पाट ओढून घ्यावा तसे आसन खाली गेले, आणि लागलीच आम्ही वर उचललो गेलो. असे किती वेळा झाले, मोजले नाही. रामरक्षा म्हणू लागलो, तर मुंजीपासून मुखोद्गत असलेले ते स्तोत्र दुसऱ्या श्लोकापुढे सरकेना. अखेर बेट दिसले, विमान उतरू लागले. पण जमीन हाताशी आली असता ते गर्जना करीत पुन्हा वर चढले. तेव्हा सौ.ने आमचा हात धरला. चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत असे कधी घडले नव्हते. थरथरत होता तो आमचा हात, तिचा नव्हे.

दुसऱ्या खेपेस विमान सुखरूप टेकले. खाली उतरताना ती एवढेच म्हणाली, "व्याख्यान छान होतं हो!"

आदल्याच दिवशी पोर्ट लुई येथे आम्ही 'आप्रवासी घाट' पाहिला होता. १८३४ पासून मळ्यांवर राबण्यासाठी नेलेले गिरमिटिये तेथे उतरत. त्यांत आपली मराठी माणसेही होती. जहाजात कित्येक आठवडे समुद्राचे तडाखे सोसणाऱ्या त्या जीवांना "आज नको, उद्या जाऊ" म्हणण्याची सोय नव्हती. आम्हांस ती होती, आणि केवळ विद्येच्या तोऱ्यात आम्ही ती दवडली. वैमानिकाची विद्या आमच्याहून कितीतरी अधिक. तरी वाऱ्याचा रंग पाहून माघार घेण्यात त्यास कमीपणा वाटला नाही.

परतीचा दिवस आम्ही सौ.स विचारून ठरविला.