दादांची पेनं

धाकटी नात आर्किटेक्चरला गेली आणि तिने माझ्या थोरल्या भावाची रॉटरिंग पेनं मागितली. दादा जन्मभर ड्राफ्ट्समन. पेनात शाई कधी वाळू दिली नाही. काम संपलं की कोमट पाण्याने धुवायची. उकळतं नको, प्लास्टिक वेडंवाकडं होतं. ०.२ च्या निबमधली तार तर केसासारखी, ओढून काढली की परत सरळ आत जाणं कठीण. टी-स्क्वेअर खिळ्याला टांगलेला. त्याच्या कडेने ब्लेड चालवायचं नाही, खाच पडली की प्रत्येक रेघेत दिसते. (माझ्या वर्गातली मुलं कर्कटकाने बाकांवर नावं कोरत, हे दादांना सांगायची सोय नव्हती!)

आता त्यांचा हात थरथरतो, रेघ मारवत नाही. पेनं मात्र अजून स्वतःच धुतात. नातीचा निरोप सांगितला तर म्हणाले, "नेऊ दे. पण आधी माझ्यासमोर एकदा उघडून, धुऊन, जोडून दाखवू दे."