मागोमाग येणारी

अमेरिकेत कायमचं राहायला आलेल्या प्रत्येक माणसाच्या नावाने एक फाइल असते. जाड कागदाचं फोल्डर, त्यावर ‘ए’ हे अक्षर, पुढे आठ-नऊ आकडे आणि बारकोडची चिकटपट्टी. तिला ए-फाइल म्हणतात. आपली आणि तिची समोरासमोर गाठ क्वचितच पडते. नागरिकत्वाच्या मुलाखतीला गेलं की टेबलापलीकडे, अधिकाऱ्याच्या हाताखाली दिसली तर दिसली. हल्ली तिची पुष्कळशी पानं स्कॅन होऊन पडद्यावरच येतात, त्यामुळे तेवढंही दर्शन होईलच असं नाही. ती मात्र आपल्याला पुरती ओळखून असते.

मी तिला नीट पाहिलं ते माहितीच्या कायद्याखाली माझ्या फाइलची प्रत मागवली तेव्हा. ही सोय सगळ्यांना आहे आणि प्रत्येकाने एकदा तरी ती प्रत मागवून वाचावी, असं मला मनापासून वाटतं. मधल्या काही ओळी झाकलेल्या होत्या. बाकी सगळी मीच होते. पहिल्या नोकरीचं पत्र, लग्नाचा दाखला, क्षयाच्या तपासणीचा कागद, दहा बोटांचे ठसे, कान दिसेल असा काढलेला जुना फोटो. आणि त्यांच्यामध्ये शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवरचं एक प्रतिज्ञापत्र. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणींच्या जन्मदाखल्यावर नाव नसतं, नुसतं ‘मुलगी’ असतं. अशा वेळी जन्माच्या वेळी हजर असलेल्या, वयाने मोठ्या नातेवाइकांकडून लिहून घ्यावं लागतं. माझ्यासाठी आत्याने लिहून दिलं होतं. ‘सदर मुलगी माझ्या समक्ष जन्मली’ असा मजकूर, आणि खाली तिची सही. ‘सुमन’मधल्या ‘स’ची शेपटी तिने नेहमीसारखीच लांब ओढली होती. आत्या आता नाही. तिच्या हातचं पत्र माझ्याकडे एकही उरलेलं नाही, पण अमेरिकन सरकारकडे तिची सही जपून ठेवलेली आहे.

नाशिकचे तीर्थोपाध्याय नामावळी बाळगतात. आपण तिथे गेलो आणि गाव-आडनाव सांगितलं की ते पणजोबांचं नाव काढून दाखवतात. ही फाइल त्याच जातीची. फरक एवढाच की नामावळी आपल्या जागी बसून राहते आणि आपण तिच्याकडे जातो, तर ही आपल्या मागोमाग येते.

गणपतीत दर वर्षी कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन विचारतं. आवाज उतरलेला असतो. ‘ताई, नागरिकत्वाचा अर्ज, एन-४००, घातलाय, बोटांचे ठसेही देऊन झालेत. आता ह्यांना दुसऱ्या स्टेटमध्ये नोकरी लागली. अर्ज मागे घ्यावा लागेल का? पुन्हा पहिल्यापासून?’ मी सांगते, नाही. ज्या राज्यात किंवा इमिग्रेशन खात्याच्या ज्या विभागात राहता तिथे तीन महिने वास्तव्य हवं, हे खरं. पण सर्वसाधारणपणे ते अर्ज घालताना बघतात. अर्ज रीतसर घातलेला असेल आणि त्यानंतर घर हललं, तर मोजणी पुन्हा सुरू होत नाही. पावतीचा नंबर तोच राहतो, ए-नंबरही तोच. ज्या कचेरीच्या हद्दीत तुम्ही गेलात, तिथे ती फाइल रवाना होते. एवढं ऐकलं की समोरच्याचा चेहरा सैल पडतो. आम्ही न्यू जर्सी सोडून टेक्सासला आलो तेव्हा माझाही अर्ज असाच अर्ध्यावर होता, म्हणून ती धास्ती मला आतून ठाऊक आहे. ग्रीन कार्डासाठीच आयुष्याची ऐन वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला कुठलाही बदल धोक्याचाच वाटतो. तो नोकरी सोडायला कचरतो, घर बदलायला कचरतो. ही भीती आमच्या लोकांच्या हाडात मुरलेली आहे आणि तिच्यापायी चांगल्या संधी हातच्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

ही फाइल नव्हती तेव्हा माणसाची काय अवस्था होती, हे भगतसिंग थिंड यांच्या हकिकतीवरून कळतं. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. डिसेंबर १९१८मध्ये वॉशिंग्टन राज्यात त्यांना नागरिकत्व मिळालं आणि चारच दिवसांत रद्द झालं, कारण ते ‘गोरे’ नव्हते. त्यांनी शेजारच्या ओरेगनमध्ये पुन्हा अर्ज केला. तिथल्या न्यायालयाने १९२०मध्ये तो मंजूर केला. सरकार वर गेलं आणि १९२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्याविरुद्ध दिला. त्या निकालाच्या आधारे आधी नागरिक झालेल्या इतर भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेण्यात आलं. थिंड यांना ते अखेर मिळालं १९३६मध्ये, न्यूयॉर्कमध्ये, माजी सैनिकांसाठी झालेल्या कायद्यामुळे. तीन राज्यं, अठरा वर्षं. सर्वसामान्य भारतीयांसाठी दार उघडलं ते १९४६मध्ये, लूस-सेलर कायद्याने.

त्या काळी नागरिकत्व न्यायालयं देत. १९०६च्या कायद्याप्रमाणे त्या राज्यात निदान वर्षभर राहिलेलं असावं लागे आणि दोन साक्षीदार उभे करावे लागत. परगावी गेलेल्या, शेतात आणि लाकडाच्या गिरण्यांत कामाच्या मागे फिरणाऱ्या माणसाने ओळखीचे साक्षीदार आणायचे कुठून? ती वर्षाची अट १९५२मध्ये सहा महिन्यांवर आली आणि १९९०मध्ये तीन महिन्यांवर. फाइलचा जन्म १९०६ आणि १९५२ यांच्या मधला. १९४०च्या कायद्याने चौदा वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी माणसाला टपाल कचेरीत जाऊन नोंदणी करायला लावली, बोटांचे ठसे घेतले. १९४४च्या १ एप्रिलपासून ए-फाइली सुरू झाल्या. संशयातून जन्मलेली वस्तू आहे ती. लढाईच्या दिवसांत परक्यांवर नजर ठेवण्यासाठी. पण १९५६पासून नागरिकत्वाचे कागदही तिच्यातच लागू लागले, आणि नजर ठेवणारीच आपली साक्षीदार झाली. आपण कोण, कधी आलो, कुठे राहिलो, हे सांगायला आता ती पुरते.

बदल्यात ती एकच गोष्ट मागते: कुठे आहात ते कळवा. घर बदललं की दहा दिवसांच्या आत. त्यासाठी एआर-११ नावाचा फॉर्म आहे, तो ऑनलाइन भरता येतो. न भरणं कायद्याने गुन्हा आहे. इथे लोक एक चूक हमखास करतात. टपाल खात्याला नवा पत्ता कळवतात आणि निश्चिंत होतात. टपाल खात्याने काही त्यांच्या वतीने तिला कळवलेलं नसतं. ग्रीन कार्डावर पत्ताच नसतो, त्यामुळे कार्ड बदलावं लागत नाही आणि आठवणही होत नाही. मग मुलाखतीचं पत्र जुन्या घरी जातं, नव्या भाडेकरूच्या जाहिरातींच्या ढिगात पडतं. ठरलेल्या दिवशी माणूस पोहोचत नाही आणि काही न कळवता गैरहजर म्हणून प्रकरण बंद होण्याची वेळ येते. राज्य बदलल्याने अर्ज बुडत नाही. गप्प राहिल्याने बुडतो.

फाइलची चाल मात्र संथ. मिसूरी राज्यात लीज समिट नावाचं गाव आहे. तिथे जमिनीखाली, चुनखडीच्या खाणीतल्या गुहांमध्ये, या फाइलींचं राष्ट्रीय भांडार आहे. फळ्यांच्या रांगांमागून रांगा, लाखो माणसांची आयुष्यं एकसारख्या फोल्डरांत उभी. कॅन्सस सिटीच्या परिसरातल्या अशाच भूमिगत सरकारी भांडारांतही पुष्कळ फाइली ठेवलेल्या होत्या. करोनात ही भांडारं बंद राहिली आणि नागरिकत्वाचे अर्ज ताटकळले. देशाच्या निवडणुकीत मत देण्याची आस लावून बसलेली माणसं आणि त्यांच्या मधे खडकाखाली अडकलेला कागद, हे मला अजूनही अक्षम्य वाटतं. एका कचेरीतून दुसरीकडे फाइल हलते तेव्हाही असाच काळ जातो. इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर ‘प्रकरण दुसऱ्या कचेरीकडे पाठवले’ अशी ओळ येते आणि मग बरेच दिवस काहीच येत नाही. माणूस रोज सकाळी चहाआधी फोन उघडून तीच ओळ वाचतो.

दरम्यान नवं राज्य आपलं आपलं काही मागत असतं. नागरिकशास्त्राच्या परीक्षेत तुमच्या राज्याची राजधानी कोणती, राज्यपाल कोण, सिनेटर कोण, असे प्रश्न असतात. ट्रेंटन पाठ केलेल्या माणसाला ऑस्टिन म्हणावं लागतं. कोणती परीक्षा हे मात्र अर्जाच्या तारखेवर ठरतं, घर बदलण्यावर नाही: २० ऑक्टोबर २०२५पासून अर्ज घालणाऱ्यांना १२८ प्रश्नांतून २० विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात, त्याआधीच्यांना शंभरातून १० आणि ६.

त्याहून महत्त्वाची जागा आहे ती वाहन परवान्याची खिडकी. नव्या राज्यात नवा परवाना काढावा लागतो, आणि १९९३च्या कायद्यामुळे बहुतेक राज्यांत तिथेच विचारतात, ‘मतदार म्हणून नोंद करायची का?’ घाईत, रांगेत, मूल कडेवर असताना ‘हो’ला बोट लागून जातं. नागरिक होण्याआधी केलेली ती नोंद फार महाग पडू शकते. अशी नोंद कधी केली होती का, हे एन-४०० स्पष्ट शब्दांत विचारतो. म्हणून मी प्रत्येकीला बजावते, ‘खिडकीवर जे काही येईल ते पूर्ण वाच, आणि मगच सही कर.’ फाइलमध्ये गेलेला कागद परत काढता येत नाही.

मुलाखत पार पडली तरी शपथ होईपर्यंत माणूस नागरिक झालेला नसतो. मधल्या दिवसांत घर हललं तर तेही कळवायचं. नवी कचेरी शपथेची सोय करते. शपथेच्या दिवशी दाराशी ग्रीन कार्ड काढून घेतात. तिकडे भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून निळा पासपोर्ट जमा करून त्याग प्रमाणपत्र घ्यायचं, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड. माझ्या ओळखीच्या एका काकांनी पासपोर्ट पाकिटात घालताना त्यावरून दोनदा हात फिरवला आणि काकूंना म्हणाले, ‘तू चिकटव गं.’

त्यानंतर आपल्याला फाइलची गरज अशी फारशी पडत नाही. ती पुन्हा भांडारात जाते. पण नष्ट होत नाही. माणसाच्या जन्मवर्षाला शंभर वर्षं झाली की या फाइली राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवण्याचा नियम आहे, आणि तिथे वंशावळी शोधणारी माणसं आजही आपल्या आजी-पणजोबांच्या फाइली मागवून वाचत असतात. १९७०मध्ये जन्मलेल्या माणसाची पाळी २०७०मध्ये येईल. त्याच्या नातीला आजोबांचा फोटो मिळेल, सही मिळेल, त्यांनी राहिलेल्या घरांचे पत्ते ओळीने मिळतील, आणि तिला देवनागरी वाचता येत असेल तर आत्यासारख्या एखादीचं प्रतिज्ञापत्रही.