शब्द आणि खूण

'सी' या संगणकभाषेचा पाठचिकित्सेशी काय संबंध, असे कोणी विचारील. हिंगोलीतील आमच्या एका विद्यार्थ्याची प्रवेशतपासणी पाहताना तो आम्हांस जाणवला. नावे आणि परवलीचे शब्द एका साध्या फाइलीत ठेवलेले. टंकलेला शब्द त्यांच्याशी ताडून पाहायचा. सरावापुरती रचना. शब्द अचूक असूनही उत्तर मात्र नकाराचे येई.

पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसत. त्याने त्यांची लांबी छापून पाहिली: फाइलीतल्या शब्दाची सहा चिन्हे, टंकलेल्याची सात! फाइल वाचणारे 'एफस्कॅनएफ' मोकळ्या जागेपाशी थांबत होते; 'एफगेट्स' मात्र एंटरची खूणही शब्दाबरोबर ठेवत होते. एकेक चिन्ह ताडणाऱ्या 'स्ट्रकंप'ला एवढा फरक पुरेसा होता. ती खूण छाटली आणि प्रवेश मिळाला.

पोथी संपादताना कवीचा शब्द आणि लेखनिकाची खूण वेगळी करावी लागते. येथेही एंटर हा माणसाच्या शब्दाचा भाग नव्हता. पण नकार मिळताच माणूस संशय घेतो तो स्वतःच्या स्मरणावर.

आमच्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथची आख्यायिका अशी, की नामदेवांना देवळासमोरून उठवले, ते मागे जाऊन कीर्तन करू लागले, तेव्हा देऊळच फिरले. तो इतिहास नव्हे. परंतु नाकारलेल्याआधी नाकारणाऱ्याची तपासणी व्हावी, हे तिचे सांगणे खरे आहे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आम्हांलाही ते लागू पडते.