थापटीचा अधिकार

नळदुर्गला जावं ते भर पावसात. बोरीच्या बांधाच्या पोटातल्या पाणीमहालात उतरलं, की खिडकीसमोरून नर-मादी धबधबे धो धो कोसळत असतात आणि आपण मात्र कोरडे. इब्राहिम आदिलशाहाच्या काळातलं, 1613 सालचं हे काम.

1637 मध्ये पोपने याच आदिलशाही मुलखासाठी बिशप नेमला. मातेउस द कास्त्रो, गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या बाटलेल्या ब्राह्मण घरातला. नळदुर्गात कुणाला त्याचं नावही ठाऊक नसेल. कागदोपत्री मात्र हा मुलूख त्याच्याकडे होता. गोव्याच्या आर्चबिशपने पाद्री करून घ्यायला नकार दिला, तेव्हा तो थेट रोमला गेला आणि पुढे बिशप झाला. पोर्तुगीजांनी विचारलं, कागदावर आमच्या राजाची मान्यता कुठंय? म्हणजे पिढीजात कॅथलिक पोपचा हुकूम धाब्यावर बसवत होते, आणि बाटलेल्या घरचा हा माणूस पोपच्या भरवशावर आदिलशाहीतल्या डिचोलीत तळ देऊन होता!

बाटगा अधिक कडवा, असं आपण सहज म्हणून जातो. इंग्लंडात न्यूमन 1845 मध्ये कॅथलिक झाले, मॅनिंग 1851 मध्ये. दोघेही अँग्लिकन पंथातून आलेले पाद्री. 1870 मध्ये श्रद्धा आणि नीतीबाबत पोपने अधिकृतपणे दिलेला निर्णय चुकू शकत नाही, असं रोमच्या परिषदेनं ठरवलं. मॅनिंग त्यासाठी हिरिरीने झटले. न्यूमनना त्याची घाई पटली नव्हती. ठराव त्यांनी मानला, पण पुढे 1875 मध्ये छापून सांगितलं, की आधी विवेकाच्या नावाने पेला उचलीन, मग पोपच्या. दोघेही कार्डिनल झाले. न्यूमनना तर 2019 मध्ये संतपद मिळालं. आता यातला कडवा कोण?

नव्याने आलेल्याला लोक दोन्हीकडून कोंडतात. गप्प बसला तर लाचार, बोलला तर 'काल आलास आणि आज शिकवतोस?' आमच्या नळदुर्गच्याच जिल्ह्यातल्या तेरचा न्याय वेगळा. तिथल्या संत गोरोबाकाका कुंभारांनी मडकी घडवायची थापटी घेतली आणि एकेका संताच्या डोक्यावर मारून पाहिली. नामदेव तर विठ्ठलाचा लाडका. तो चिडला, आणि कच्चं मडकं ठरला. रागावून पंढरीला गेला, तर देवानेही त्याला विसोबा खेचरांकडे धाडलं. लाडका म्हणून सूट नाही. त्याच गोरोबांच्या नावाच्या साहित्यनगरीत जानेवारी 2020 मध्ये वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पाद्री कशाला, अशी ओरड झालीच. संमेलन पार पडलं.

नव्याने आलेल्याला पोपवर बोलायचा हक्क आहे का, यावर वाद घालणाऱ्या कॅथलिकांनी 1983 च्या आपल्याच धर्मसंहितेतलं 212 वं कलम काढून पाहावं. चर्चच्या हितासाठी आपलं मत धर्मगुरूंना आदर राखून सांगण्याचा हक्क श्रद्धावंताला आहे, प्रसंगी ते कर्तव्यही आहे, असं त्यात आहे. बाप्तिस्मा कोणत्या साली झाला, हे ते कलम विचारत नाही.