प्रस्थान : शिकोकूच्या पदयात्रेपूर्वींचे आठ दिवस

दूरच्या प्रवासाचा मुहूर्त साधला, पण प्रत्यक्ष निघणें जमत नसलें, तर तांदूळ, सुपारी व एखादें वस्त्र पुरचुंडींत बांधून ती जाण्याच्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवावी, अशी आपल्याकडे जुनी चाल होती. यास ‘प्रस्थान ठेवणें’ म्हणत. देह घरींच असे, परंतु प्रवास सुरू झाला असें मानलें जाई. आजच्या वाचकांस यांत केवळ मुहूर्ताचा खटाटोप दिसेल. तथापि या चालींत शहाणपणहि आहे. मनुष्य घरांतून एका क्षणांत निघतो, पण त्याच्या मनांतून घर निघावयास चार दिवस लागतात. जपानांतील शिकोकू बेटावरच्या अठ्ठ्याऐंशी मंदिरांची पदयात्रा करण्यापूर्वीं मीं आठ दिवस ओसाका, नारा आणि कोया पर्वत येथें एकट्यानें व बेताच्या खर्चांत काढले. प्रस्तुत लेख त्या यात्रेचा नव्हे, तिच्या प्रस्थानाचा आहे.

यात्रेची वाट सुमारे १,२०० किलोमीटरांची असून पायीं चालणारास चाळीस ते साठ दिवस लागतात. ती कूकाइ नांवाच्या आचार्याच्या स्मरणार्थ चालतात. लोक त्यास कोबो दाइशी म्हणतात. इ. स. ७७४ मध्यें त्याचा जन्म शिकोकूंतच झाला. ८०४ सालीं तो चीनला गेला, तेथें प्रज्ञ नांवाच्या भारतीय पंडितापाशीं संस्कृत शिकला आणि ८०६ सालीं परतला. त्यानें स्थापिलेल्या पंथाचें नांव ‘शिंगोन’. हा शब्द म्हणजे आपल्या ‘मंत्र’ शब्दाचा अनुवाद होय. संस्कृताच्या अध्यापनांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्यास या वाटेची ओढ कां लागली, हें यावरून ध्यानीं येईल.

आमच्या घरीं तीन पिढ्या एकत्र नांदतात. बेत सांगितला तेव्हां मुलांनीं पैशाचा प्रश्न काढला, सूनबाई मात्र म्हणाली, “मामंजी, पैशाचें राहूं द्या. परक्या मुलखांत तुम्हांला कांहीं झालें, तर आम्ही कोणाच्या दारीं जायचें?” या प्रश्नास हंसून टाळणें योग्य नव्हतें. मीं प्रवासाचा विमा उतरविला. नांव, रोजचीं औषधें व मुलाचा दूरध्वनि-क्रमांक जपानींत लिहविलेला कागद गळ्यांतील पिशवींत ठेवला. आणि रोज रात्रीं मुक्काम कळविण्याचें वचन दिलें. तरी तिचें समाधान झालें तें निराळ्याच अटीनें. वाटेस लागण्यापूर्वीं आठ दिवस मी वस्तीच्या मुलखांत एकटा राहून पाहीन, आणि निभलें नाहीं तर तेथूनच परत फिरेन, असें ठरलें.

ओसाकांत सामायिक खोलींतील एक खाट मीं घेतली. रात्रीस सुमारे तीन हजार येन पडत. खाटेस पडदा, उशाशीं दिवा आणि सामानास कुलपाची पेटी, एवढाच संसार. पोळ्यांतील घरांप्रमाणें एकावर एक कप्पे रचलेलीं निवासगृहें तर याच शहरांत १९७९ सालीं प्रथम निघालीं. जोडे दारांतच काढावयाचे, आणि सामायिक स्नानगृहांत बाहेर अंग स्वच्छ धुतल्यावांचून हौदांत पाऊल टाकावयाचें नाहीं, हे नियम आपल्या घरांत वाढलेल्यास कोणी शिकवावे लागत नाहींत.

अन्नाचा प्रश्न अधिक नाजूक. मांस न दिसणाऱ्या कढणांतहि बहुधा सुकविलेल्या माशाचा अर्क असतो. म्हणून ‘शाकाहारी’ एवढें सांगून भागत नाहीं, माशाचें स्वतंत्र विचारावें लागतें. मीं दुकानांतून मिळणारा शिजविलेला साधा भात घेई व त्यावर घरचें मेतकूट घाली. खारविलेल्या आंबट फळाचें सारण घातलेले भाताचे गोळे, केळीं आणि भाजलेलीं रताळीं यांवर दुपार भागे. चौथ्या दिवशीं हिशेब केला, तेव्हां जेवणाचा खर्च खाटेच्या खर्चाच्या निम्म्यापेक्षांहि कमी भरला.

परंतु काटकसरीहून मोठा धडा निराळाच होता. पस्तीस वर्षें मीं मुलांस अक्षरें शिकविलीं. आतां रस्त्यावरची एक पाटी मला वाचतां येईना. तिकिटाच्या यंत्रापुढें उभा राहिलों कीं एखादी शाळकरी मुलगी पुढें होई, बोटानें कळ दाखवी आणि लवून निघून जाई. एकटा व थोड्या पैशांनीं फिरणारा मनुष्य पदोपदीं दुसऱ्याचा ऋणी होतो. बरोबर घरचीं माणसें असतीं अथवा गाडी-वाटाड्या असता, तर हें ऋण माझ्यापर्यंत पोंचलेंच नसतें.

अशांत एका दुकानांत लहान मुलांसाठीं छापलेला अक्षरांचा तक्ता दिसला. दुकानदारानें तो मोठ्यानें वाचून दाखविला : स्वर अ, इ, उ, ए, ओ, आणि ओळी अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. मी चकित झालों. कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंत, आणि मग य, र, व. हा आपल्याच वर्णमालेचा क्रम! च-वर्गाच्या जागीं ‘स’ आहे. ‘प’च्या जागीं ‘ह’ आहे, कारण त्या ध्वनीचा प्राचीन उच्चार ‘प’सारखा होता. बौद्ध पंडितांच्या संस्कृताध्ययनांतून आलेली ही मांडणी तेथील प्रत्येक बालक आजहि गिरवितें.

नारा ओसाकाहून आगगाडीनें तासाभराच्या आंत आहे. तेथील तोदाइजी मंदिरांतील महाबुद्धाचा नेत्रोन्मीलनविधि ७५२ सालीं बोधिसेन नांवाच्या भारतीय भिक्षूच्या हस्तें झाला. तो दक्षिण भारतांतील भारद्वाज गोत्री ब्राह्मण होता असें परंपरा सांगते. ७३६ सालीं तो जपानास पोंचला आणि पुन्हां परतला नाहीं. त्याच्या लेखणीस लांब दोरी बांधली होती, व जमलेल्या लोकांनीं ती हातीं धरून विधींत भाग घेतला. ती लेखणी व दोरी शोसोइन नांवाच्या भांडारांत अद्याप जतन केलेली आहे. त्या मूर्तीपुढें उभें राहतांना सूनबाईचा प्रश्न मला पुन्हां आठवला. बोधिसेनास कांहीं झालें असतें, तर त्याच्या घरचे कोणाच्या दारीं गेले असते?

कोया पर्वतावर आगगाडी व दोरखेच्या गाडीनें जातां येतें. पण गुडघ्यांची परीक्षा घ्यावी म्हणून मी कुदोयामाहून जुन्या पायवाटेनें चढलों. सुमारे वीस किलोमीटरांची ही वाट. तिच्यावर तेराव्या शतकांत उभारलेले १८० शिलास्तंभ मुख्य मंदिरापर्यंत अंतर दाखवितात. पाठीवर सहा किलोंचें ओझें होतें. सात तास लागले. स्तंभांचा आकार पांच भागांचा : खालीं चौरस, त्यावर गोल, मग त्रिकोणी, अर्धवर्तुळ व शेवटीं मणि. हीं पंचमहाभूतें होत. त्यांचीं बीजाक्षरें खालून वर अ, व, र, ह, ख. जेथें मी निरक्षर ठरलों होतों, त्या देशाच्या डोंगरांत सिद्धम् लिपींतील अक्षरें मला दगडावर भेटलीं.

पर्वतावरील मंदिरांत उतरावयास दहा हजार येनांहून अधिक पडतात; साऱ्या आठ दिवसांत हाच मोठा खर्च, आणि तो मीं एकच रात्र केला. भोजनांत मांसमत्स्य तर नाहींच, पण कांदालसूणहि वर्ज्य. तिळाच्या खिरशीसारखी गोठविलेली वडी विशेष रुचली. पहांटे ओकुनोइन येथें गेलों. कूकाइ ८३५ सालीं निवर्तला असें तेथें कोणी म्हणत नाहीं. तो समाधींत बसला आहे, अशी श्रद्धा आहे, आणि रोज दोन वेळां त्याचें ताट त्याच्याकडे नेलें जातें. आळंदीच्या संजीवन समाधीपुढें हात जोडलेल्या मराठी मनुष्यास याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं.

आठव्या दिवशीं वाकायामाहून नावेनें दोन तासांत तोकुशिमास पोंचलों, आणि तेथून पहिल्या मंदिरीं, रियोझेंजीस. त्याचें नांव राजगृहाजवळील गृध्रकूटावरून आलेलें आहे. तेथें पांढरा अंगरखा, गवती टोपी आणि काठी घेतली. काठीचा माथा त्याच पांच आकारांत कोरलेला. ती काठी म्हणजे स्वतः दाइशी. म्हणून मुक्कामीं पोंचल्यावर आपले पाय धुण्यापूर्वीं तिचें टोक धुवावयाचें. पूर्वीं वाटेंत मरण आलेल्याच्या थडग्यावर तीच रोवीत, आणि पांढरा वेष हेंच त्याचें कफन असे. हें मीं घरीं लपविलें नाहीं.

अंगरख्यावर ‘दोग्यो निनिन’ असे शब्द असतात. अर्थ, दोघे मिळून चाललेले. वारीस दिंडी असते. येथें एकटाच चालणारा आपणांस दोघांत मोजतो. त्या रात्रीं घरीं कळविलें, “आठ दिवस निभले. उद्यांपासून सोबतीस काठी आहे.” सूनबाईचें उत्तर आलें, “मामंजी, पुढें व्हा. पण मुक्काम कळवीत जा.”

ज्या घरांतील वडीलधाऱ्यांस अशी एखादी दूरची वाट खुणावीत असेल, त्यांनीं घरच्यांची भीति उडवून लावूं नये आणि तिच्यापुढें बसूनहि राहूं नये. थोडक्या पैशांत, थोडक्या ओझ्यानें, आठ दिवसांचें प्रस्थान ठेवून पाहावें. दुसरें मंदिर पहिल्यापासून जेमतेम दीड किलोमीटर आहे. सकाळीं सातास मी निघालों.